शाळेच्या दारात रडणारं मूल ढोंगी नसतं

शाळेत जायला रडणाऱ्या मुलाला आपल्या वस्त्यांत दोनच उत्तरं मिळतात. एकतर पाठीत धपाटा, नाहीतर 'राहू दे आज, उद्या जाईल.' दोन्ही चुकीची आहेत.

आईपासून दूर होताना लहान मुलाला भीती वाटते. सकाळी पोट दुखतं, उलटी होते आणि रविवारी सगळं ठीक असतं. म्हणून आपण त्याला ढोंग म्हणतो. पण दुखणं खरं असतं, ते भीतीतून येतं. मारलं की भीती वाढते. घरी ठेवलं की त्या दिवसापुरती सुटका होते आणि दुसऱ्या दिवशी शाळा आणखी मोठी वाटते.

मग करायचं काय? नजर चुकवून पळून जाऊ नका, सांगून निघा. निरोप छोटा ठेवा. 'जेवणाची सुट्टी झाली की येते' म्हणालात तर त्याच वेळेला या. सुरुवातीला तासभर, मग अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस असं वाढवा. पण रोज पाठवा. महिनाभरात फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. टेली मानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

पण त्याआधी एक प्रश्न विचारा : मूल आईला सोडायला घाबरतंय की शाळेत जायला? बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलं, नळाला हात लावायची बंदी होती. आज गोणपाट नसेल. तरी मुलाला कुठे बसवतात, जेवताना शेजारी कोण बसतं, कोणत्या नावाने चिडवतात, हे शांतपणे विचारा. कारण शाळेत असेल तर मुलाला समजावून भागणार नाही, मुख्याध्यापकांना जाब विचारावा लागेल. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे.

धुणीभांडी किंवा बिगारी करणारी आई शाळेच्या दारात तासभर थांबली तर तिचा रोज बुडतो. तिला उपदेश करून काय होणार? इथे कार्यकर्त्यांचं काम सुरू होतं. शाळा सुरू झाल्यावर पहिले पंधरा दिवस दोघा-तिघांनी वस्तीतल्या मुलांना सोबत घेऊन शाळेत जावं, शिक्षकांशी बोलावं, सुट्टीच्या वेळी दारात उभं राहावं. मुलांशी ओळख मात्र मे महिन्यातच विहारात करून घ्यावी.

14 एप्रिलला मंडप उभारायला आपण शंभर जण जमतो. जूनमध्ये शाळेच्या दारात तिघे तरी दिसले पाहिजेत. 'शिका' हा आदेश त्या रडणाऱ्या मुलासाठीही आहे.

जय भीम!