अजून शिकूनच राह्यला?

पीएचडीसाठी परदेशी गेलेल्या मुलाच्या आईला मालेगावात वर्षातून किमान दहा वेळा एकच प्रश्न विचारला जातो. (पॉवरलूमवालं मालेगाव ते नाशिकचं. हे वाशीम जिल्ह्यातलं, सोयाबीनवालं.) प्रश्न असा : ‘अजून शिकूनच राह्यला का वो तुमचा?’

पहिल्या वर्षी त्यात कौतुक असतं. तिसऱ्या वर्षी काळजी. पाचव्या वर्षी थेट संशय, पोरगं तिकडे नापास तर होत नाही ना? बरोबरीचे सगळे हिंजवडीत सेटल. टूबीएचके, गाडी, ईएमआय, पहिलं मूल. आणि हा तिशी ओलांडून अजून स्टुडंट! आईला एवढंच माहीत, की पोरगं रोज रात्री फोनवर ‘लॅबमध्ये आहे’ म्हणतं.

खरी गोची त्या ‘स्टुडंट’ शब्दात आहे. आपल्याकडे शिकणं म्हणजे फी भरणं. अमेरिकेतली सायन्स-इंजिनिअरिंगची पीएचडी बहुतेकदा उलटी चालते. ट्यूशन माफ, वर महिन्याला स्टायपेंड, त्याच्या बदल्यात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांना शिकवा नाहीतर प्रोफेसरच्या प्रोजेक्टवर राबा. जर्मनीत तर अनेकांच्या हातात चक्क नोकरीचं काँट्रॅक्ट असतं. फक्त ते बऱ्याचदा अर्ध्या किंवा पाऊण पगाराचं, आणि काम पूर्ण दिवसाचं. म्हणजे हा मुलगा शिकतोही आणि कमावतोही, पण दोन्ही अर्धवट दिसतं. घरी पाठवण्याइतके पैसे उरत नाहीत, आणि ‘पगार किती?’ याचं उत्तर रुपयांत सांगितलं तर मालेगावात भलतेच गैरसमज होतात. भाडं गेल्यावर काय उरतं ते कोण सांगणार?

आता वेळेचं. आपल्याकडच्या सगळ्यात प्रसिद्ध परदेशी पीएचडीची टाइमलाइन बघा. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. १९१५ मध्ये एमए झालं, १९१६ मध्ये ते लंडनला गेले, आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली म्हणून अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. परतीत वेगळं पाठवलेलं सामान, पुस्तकांसकट, बोट टॉर्पेडोनं बुडाली त्यात गेलं. बडोद्यात नोकरी होती, पण अस्पृश्य म्हणून राहायला खोली मिळेना. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पै-पै साठवणं, शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. कोलंबियाची पीएचडी हातात पडली ती १९२७ साली. न्यूयॉर्कला पाऊल ठेवल्यापासून चौदा वर्षांनी! प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला द्याव्या लागत, आणि तो छापला गेला १९२५ मध्ये. मधल्या काळात त्यांनी लंडनची डीएससी मिळवली, वकिलीही सुरू केली. एवढ्या प्रज्ञेच्या माणसाचं वेळापत्रक पैशानं ठरवलं, तर आपल्या बीईवाल्या पोराचं काय घेऊन बसलात!

दुसरी गोष्ट गाइडची. फंडिंग, रेकमेंडेशन, डिग्री आणि अप्रत्यक्षपणे व्हिसा, हे सगळं एकाच माणसाच्या मूडवर लटकलेलं असतं. ऑफिसात बॉस नकोसा झाला की आपण नोकरीच्या साइटवर रेझ्युमे अपडेट करतो. यांना ती सोय नाही. गाइड बदलला तर कधी कधी दोन-तीन वर्षांचं काम शून्यावर येतं, आणि विद्यापीठच सोडलं तर देशात राहायचं कारणच संपतं.

इथे मला इरावती कर्वे आठवतात. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. पैसे जीवराज मेहतांकडून कर्जाऊ. सासऱ्यांचा विरोध होता, आणि सासरे म्हणजे साक्षात स्त्रीशिक्षणवाले महर्षी कर्वे! नवरा दिनकर मात्र पाठीशी. बर्लिनमध्ये गाइड मिळाला ऑयगन फिशर, वंशशास्त्रातला बडा माणूस, पुढे नाझींच्या मर्जीतला. त्याचा होरा असा, की गोऱ्यांची कवटी इतरांपेक्षा वेगळ्या तऱ्हेनं असमान असते, आणि त्यातून त्यांची बुद्धी श्रेष्ठ ठरते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं, की वंशाचा आणि या असमानतेचा संबंध दिसत नाही. परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज, आणि ज्याची सही हवी त्याच्याच लाडक्या सिद्धांताला सुरुंग! पदवी तरीही घेतली. प्रत्येकाला असं जमेल असं नाही. अनेक जण मास्टर्सचा कागद घेऊन मधूनच बाहेर पडतात, आणि त्यांना लूजर म्हणणाऱ्यांनी आधी एक सेमिस्टर तिकडे काढून दाखवावं.

सरकारी शिष्यवृत्त्या आहेत. राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे, त्यात भूमिहीन शेतमजुरांची मुलंही बसतात. पण २०२२ मध्ये केंद्राच्या या योजनेच्या नियमांतून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास वगळले गेले. बाबासाहेबांचा १९१६ चा जातिसंस्थेवरचा निबंध त्या नियमात बसला असता का, ते तुम्हीच ठरवा. मला तरी हा नियम अजब वाटला. वाशीमच्या पोराला वाशीमचं काही समजून घ्यायचं असेल, तर खर्च त्याचा त्यानं बघायचा!

शिवाय व्हिसा आहेच. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेनं विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या. जूनमध्ये त्या सुरू झाल्या त्या सोशल मीडियाच्या झाडाझडतीसकट. ॲडमिशन खिशात, बॅग भरलेली, आणि मुलाखतीची तारीखच नाही. त्या आठवड्यांत कितीतरी घरांत जेवणं नीट झाली नसतील.

एवढं असूनही जायचंय? जरूर जा. पण ऑफर लेटर आलं की पेढे वाटण्याआधी ते नीट वाचा. फंडिंग किती वर्षांचं लेखी आहे, की दरवर्षी ‘बघू’ आहे? स्टायपेंड बारा महिने की नऊ? उन्हाळ्यात खायचं काय? गाइड दुसऱ्या विद्यापीठात गेला तर तुमचं काय? त्याच्या हाताखालचे आधीचे किती जण पूर्ण करून गेले, किती वर्षांत? हे प्रश्न गाइडला विचारायला संकोच वाटतो, म्हणून त्याच्या लॅबमधल्या सिनिअरला ईमेल टाका. आणि लेखी उत्तर गोलमोल आलं, तर ‘फोनवर बोलू या का?’ असं विचारा. खरी माहिती बहुतेकदा फोनवरच मिळते.