राष्ट्रीय संकट आणि आमचे विद्यार्थी

सन २००८ च्या नोव्हेंबर महिन्यांत, २६ व्या तारखेच्या रात्रीं, दहा सशस्त्र हल्लेखोर समुद्रमार्गानें मुंबईंत शिरले व २९ तारखेच्या सकाळपर्यंत त्यांच्या हल्ल्यांत १६६ माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर जन्मलेलीं मुलें आज शाळांच्या बांकांवर बसलीं आहेत. वर्षांतून एकदां तीं दोन मिनिटें स्तब्ध उभीं राहिलीं कीं आपलें कर्तव्य संपलें, अशी पुष्कळ शिक्षकांची व पालकांची समजूत दिसते. ही समजूत सर्वथा चुकीची आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणतील, कोवळ्या मनांस असल्या भयंकर गोष्टी सांगाव्या कशास? उत्तर सोपें आहे. वडील माणसें जें सांगत नाहींत, तें मूल रस्त्यावर ऐकतें आणि हातांतल्या मोबाईलवर पाहतें. परंतु सांगणें निराळें व दाखविणें निराळें. त्या दिवसांत वाहिन्यांनीं चकमकीचें जें थेट प्रक्षेपण केलें, त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानें २०१२ च्या निकालांत त्यांस कडक शब्दांत दोष दिला. तींच चित्रें घरोघर पुन:पुन्हां मुलांपुढें मांडणें हें शिक्षण नव्हे. मुलानें काय ऐकलें आहे व त्यास कशाची भीति वाटते, हें आधीं विचारावें. मग त्याच्या वयास झेपेल इतकें, पण खरें तेंच सांगावें. त्याची झोंप व भूक आठवडेच्या आठवडे उडाली, तर लाज न धरितां त्यास डॉक्टरांकडे न्यावें.

मग शिकवावयाचें काय? पहिली गोष्ट, स्वकर्तव्य. रेल्वे स्थानकावर विष्णु झेंडे यांनीं ध्वनिक्षेपकावरून सूचना देऊन प्रवाशांस वांचविलें. कामा रुग्णालयांत परिचारिका अंजली कुलथे यांनीं वीस गर्भवती स्त्रियांस सुरक्षित जागीं नेलें. तुकाराम ओंबळे यांनीं गोळ्या झेलल्या, पण हल्लेखोराची बंदूक सोडली नाहीं. प्रत्येकानें त्या रात्रीं आपलेंच काम केलें, एवढेंच.

दुसरी गोष्ट, न्याय. ओंबळ्यांमुळें जिवंत सांपडलेल्या त्या हल्लेखोरास जमावाच्या हवालीं केलें नाहीं. त्यास वकील दिला, पुरावा घेतला. गोळी लागलेल्या एका लहान मुलीनेंही भर न्यायालयांत साक्ष दिली. सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद लागून, २१ नोव्हेंबर २०१२ रोजीं त्यास येरवड्यास फांशी झाली. त्याच खटल्यांत दोघे भारतीय आरोपी पुरेशा पुराव्याअभावीं सुटले, व वरच्या न्यायालयांनींही ती सुटका कायम केली. संतापाच्या भरांतही पुराव्यावांचून शिक्षा न देणें, हेंच सुधारलेल्या राष्ट्राचें लक्षण होय.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. हल्लेखोरांच्या धर्माचा मुलगा वर्गांत शेजारीं बसतो, त्याजकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. त्या १६६ जणांत मुसलमानही होते, आणि मेलेल्या हल्लेखोरांस आपल्या कबरस्तानांत जागा देण्यास मुंबईच्या मुसलमानांनींच नकार दिला, हें किती मुलांस सांगितलें जातें?

व्यापारी व गृहस्थ वाचकांस आमची विनंति एवढीच कीं, दुकानाच्या गादीवर व जेवणाच्या पानावर आपण जें बोलतों, तेंच मुलाचें पहिलें पाठ्यपुस्तक असतें. शाळेनें दिवसभर न्याय शिकविला व घरानें रात्रीं द्वेष शिकविला, तर मूल घराचेंच ऐकेल.