बेलापूरला हवीत माणसे

सकाळी बेलापूर स्थानकातून निघालेला लोंढा कोकण भवन, सिडको भवन आणि बँकांच्या कचेऱ्यांकडे जातो. संध्याकाळी तोच परत फलाटावर येतो. रविवारी या कचेऱ्यांच्या रस्त्यांवर चहाची टपरी उघडी सापडली तरी नशीब. जे ठिकाण नवी मुंबई या नव्या शहराचे हृदय व्हायचे होते, त्याची अर्धशतकानंतरची ही अवस्था बेचैन करणारी आहे.

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून मुंबईला खाडीपलीकडे वाढवण्याचा विचार मांडला. १९७० मध्ये त्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले. ९५ गावांच्या परिसरात ३४४ चौरस किलोमीटरचे शहर वसवायचे ठरले. सरकारने आपला कारभार खाडीपलीकडे न्यावा, म्हणजे व्यापार आणि रोजगार मागोमाग येतील, हा या योजनेचा कणा होता. तोच मोडला. मंत्रालय जागचे हलले नाही. उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला भरावावर टोलेजंग इमारती उठल्या आणि पुढे वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. बेलापूरच्या वाट्याला विभागीय कचेऱ्या आल्या. निर्णय मुंबईतच होत राहिले.

लोकललाही उशीर झाला. ती वाशीला पोहोचली १९९२ मध्ये, बेलापूरला त्यानंतर वर्षभराने. तोवर खाडीपुलाजवळच्या वाशीने बाजी मारली होती. मुंबईच्या घाऊक बाजारांचे स्थलांतरही तिकडेच झाले.

बेलापुरातच एक वेगळा धडा आहे. कोरियांनी आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये लहान अंगणांभोवती बैठी घरे रचली आणि दोन घरांत सामाईक भिंत ठेवली नाही, कारण कुटुंब वाढले की घरही वाढावे. रहिवाशांनी मजले चढवले, काहींनी मूळ घर पाडून नवे बांधले. रचनाकाराच्या चित्राचे त्यात नुकसान झाले असेल, पण वस्ती जिवंत राहिली. कचेऱ्यांच्या भागाला अशी मोकळीक कधी मिळालीच नाही.

ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभे आहे, त्या भूमिपुत्रांना संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंडांसाठी लढावे लागले. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. नव्या शहराच्या आखणीत गावठाणांना मात्र आजही अडचण समजले जाते. हे थांबले पाहिजे.

आता संधी पुन्हा दारात आहे. बेलापूर ते पेंधर मेट्रो २०२३ मध्ये धावू लागली, २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. यामुळे जमिनीचे भाव चढतील आणि प्रत्येक भूखंड सर्वाधिक बोलीला विकण्याचा मोह वाढेल. सिडकोने तो आवरावा. स्थानकाभोवती परवडणारी घरे, तळमजल्यावर दुकाने, फेरीवाल्यांना हक्काची जागा आणि सलग पदपथ यांसाठी भूखंड आत्ताच राखून ठेवावेत. आणि राज्य सरकारने निदान काही खात्यांची सचिव पातळीवरील कार्यालये बेलापूरला हलवण्याची तारीख जाहीर करावी.