आजार कोणत्या भाषेत बोलतो?

बंदर आणि १२०० मेगावॉटचा वीज प्रकल्प आल्यापासून जयगडच्या खाडीकाठी भाषांची गर्दी वाढली आहे. अनेक स्थानिकांची घरची बोली वेगळी, शाळेची भाषा मराठी किंवा उर्दू आणि कामावरची हिंदी. त्यात परप्रांतीय कामगारांची आणि रत्नागिरी किनाऱ्यावरील मच्छीमार नौकांवरच्या नेपाळी खलाशांची भर पडली. यांपैकी कोणाला स्किझोफ्रेनिया झाला, तर त्याची तपासणी कोणत्या भाषेत होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ३०० जणांमागे एकाला हा आजार असतो. रक्ततपासणी किंवा स्कॅनवरून त्याचे निदान होत नाही. दुसरे आजार नाहीत, एवढेच त्यातून कळते. निदानाचा मुख्य आधार म्हणजे रुग्णाचे बोलणे, वागणे आणि नातेवाइकांची माहिती. म्हणूनच भाषा बदलली की चित्रही बदलू शकते.

अमेरिकेतील स्पॅनिशभाषक रुग्णांवर १९७०च्या सुमारास झालेली दोन निरीक्षणे याबाबत प्रसिद्ध आहेत. एकात काही रुग्णांची लक्षणे मातृभाषेत ठळक दिसली, पण इंग्रजीत झाकली गेली. दुसऱ्यात नेमके उलटे घडले. इंग्रजी मुलाखतीत तेच रुग्ण अधिक आजारी वाटले. दोन्ही शक्य आहे. परक्या भाषेत माणूस तोलूनमापून बोलतो, त्यामुळे मनातला संशय किंवा कानी येणारे आवाज बाहेर येत नाहीत. उलट, शब्द न सापडल्याने तो अडखळतो, तुटक उत्तरे देतो आणि चेहरा निर्विकार ठेवतो. मग हीच आजाराची लक्षणे समजली जातात.

दुभाष्यानेही जपून काम करायला हवे. ‘काहीतरी असंबद्ध बडबडतोय’ एवढेच त्याने सांगितले, तर डॉक्टरांना हवी असलेली माहितीच गळून पडते. शब्द जसेच्या तसे सांगायला हवेत. बोलताना दोन भाषा मिसळणे हे मात्र आजाराचे लक्षण नाही. कोकणात ते रोजचेच आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आजार व उपचारांची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक आहे.

बरे वाटू लागल्यावर नवी भाषा शिकता येते का? येते, पण वेग कमी असतो. या आजारात एकाग्रता आणि ऐकलेले शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता अनेकदा मंदावते. तो आळस नव्हे. रोज थोडा वेळ, मोजके शब्द, त्यांची उजळणी आणि लगेच वापर, ही पद्धत उपयोगी पडते. बाजारहाट करता येणे, मुकादमाची सूचना समजणे किंवा औषधाची वेळ विचारता येणे हेही पुनर्वसनच आहे. त्यासाठी घरची भाषा सोडण्याची गरज नाही आणि औषधे तर मुळीच बंद करू नयेत.

जयगडहून रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय तासा-दीड तासावर आहे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठी, हिंदीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. रुग्णाला नेताना त्याच्याशी घरच्या भाषेत बोलणारी व्यक्ती सोबत असावी. आणि केसपेपरवर नाव-वयाच्या शेजारी मातृभाषेचीही नोंद व्हावी. त्याला खर्च नाही, पण चुकीचे निदान त्यामुळे टळू शकते.