विंचवाची कळ नाही, म्हणून धोका नाही?

पावसाळ्यापूर्वी कोकणात शाकारणी सुरू होते, लाकडे-गवत आत भरले जाते आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत विंचूदंशाचे रुग्ण वाढतात. दंशाच्या जागी भुलीचे इंजेक्शन दिले, कळ थांबली की रुग्ण घरी, ही पद्धत काही ठिकाणी अजूनही दिसते. लाल विंचवाच्या बाबतीत ती घातक आहे.

कारण विषाचे खरे काम वेगळेच असते. मज्जातंतूच्या आवरणात सोडियम आयनांसाठी सूक्ष्म दारे असतात. संदेश जाताना ती जेमतेम मिलिसेकंदभर उघडतात आणि आपोआप मिटतात. विषातील प्रथिने या दारात पाचर ठोकतात. दार मिटतच नाही. त्याच विषातले इबेरियोटॉक्सिन मज्जातंतूला शांत करणारी पोटॅशियमची काही दारे बंद करते. (हेच द्रव्य जगभरच्या प्रयोगशाळा संशोधनासाठी वापरतात, हे विशेष.) मज्जातंतू थांबण्याचे विसरतात. ॲड्रिनलीन-नॉरॲड्रिनलीनचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी साचते.

म्हणूनच कळ फारशी नाही, पण उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ आणि हातपाय गार, असे मूल सर्वांत आधी तपासायला हवे. मुलग्यांमध्ये लिंगाला ताठरता येणे हीही धोक्याची खूण. संकोचापोटी घरचे ती सांगत नाहीत, डॉक्टरांनीच विचारावी.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ही लक्षणे नोंदवली आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी वापरात आणली. ती सोडियमची दारे मिटवत नाही, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. तेवढ्यानेही पूर्वी गंभीर रुग्णांत 25 ते 30 टक्के असलेले मृत्यू एक टक्क्याच्या आसपास आले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत प्राझोसिनसोबत विंचूविरोधी लस मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवर 35 पैकी 8.

लस दोन्हींत सरस, पण ती प्रत्येक केंद्रात असतेच असे नाही. गोळी मात्र स्वस्त आहे. ती कपाटात नसण्याला सबब नाही, आणि लस येईपर्यंत तिच्यासाठी थांबण्यालाही नाही.

गोळीनंतर रुग्णाला आडवेच ठेवावे. उठवून बसवल्यास रक्तदाब एकदम कोसळतो. शौचालयापर्यंतही चालत पाठवू नये.