पायडलाचे आटे सांभाळा

दुधाची किटली अडकवून कागलला निघावे आणि चढाला पायडलच निखळावे, असे का होते? उजव्या पायडलाचे आटे सुलटे, तर डाव्याचे उलटे असतात. डाव्या-उजव्याची गफलत करून जोराने आवळले, की क्रँकचे आटे गेलेच! पायडल आधी हाताने दोन-तीन फेरे बसवा. मग पान्ह्याचे टोक वर धरून पुढच्या चाकाकडे आवळा. दोन्ही बाजूंना हाच नियम. आटे थोडे दुखावले असतील तर सायकलवाल्याकडून टॅप फिरवून घ्या. पार गेले असतील तर चिंधी गुंडाळून चालवू नका. साध्या काळ्या सायकलीचा डावा क्रँक कॉटर पिन काढून सुटा बदलता येतो. त्याच सायकलवर पोरगी शाळेला जाते, हे ध्यानात असू द्या.