वाचले, पण पुढे काय?



वाचनालयाच्या तासाला तुम्ही आधी कोणते पुस्तक उचलता? बहुतेक जण गोष्टीचे पुस्तक शोधतात. विज्ञानाचे, चरित्राचे किंवा माहितीचे पुस्तक हाती आले, तर "टीचर, दुसरे द्या ना!" अशी तक्रार माझ्याकडे येते. गोष्टी मलाही आवडतात. पण आज मी त्या परत केलेल्या पुस्तकांची बाजू घेणार आहे. अशा पुस्तकांनी अनेकांचे जगणे आणि काम बदलले आहे. मात्र त्याला एक अट आहे. पुस्तक नुसते वाचून भागत नाही. त्यातले काहीतरी करून पाहावे लागते.

इंग्लंडमधील एका मुलाची हकीकत ऐका. मायकेल फॅरडे याचा जन्म १७९१ साली झाला. त्याचे वडील लोहारकाम करीत. घरची गरिबी होती, म्हणून त्याची शाळा लवकर सुटली. १८०५ साली, चौदाव्या वर्षी, तो लंडनमधील एका पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात काम शिकू लागला. बांधणीसाठी आलेली पुस्तके तो रिकाम्या वेळी वाची. त्यांत जेन मार्सेट या लेखिकेचे रसायनशास्त्रावरचे पुस्तक होते. एक शिक्षिका आणि तिच्या दोन विद्यार्थिनी यांच्या संवादातून ते लिहिलेले आहे. एका ज्ञानकोशातील विजेवरचा लेखही त्याने वाचला.

लंडनमध्ये पुस्तके बांधणारे कामगार पुष्कळ होते. त्यांच्याही हातांखालून अशी पुस्तके गेली असतील. मग मायकेल वेगळा कसा ठरला? त्याने वाचलेले करून पाहिले. जवळच्या थोड्या पैशांतून तो साहित्य आणी आणि छोटे प्रयोग करी. पुस्तकात लिहिलेले खरे आहे का, हे तो स्वतः पडताळून पाही. १८१२ साली त्याला हंफ्री डेव्ही या प्रसिद्ध शास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकायला मिळाली. त्यांची टिपणे त्याने नीट लिहून काढली, त्यांचे पुस्तक बांधले आणि ते डेव्हींकडे पाठवले. पुढच्याच वर्षी तो त्यांचा मदतनीस झाला. १८३१ साली फॅरडे यांनी दाखवून दिले, की तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक हलवला तर तारेत वीज वाहू लागते. वीज तयार करणारी जनित्रे आजही याच तत्त्वावर चालतात.

आता गांधीजींचे उदाहरण पाहा. १९०४ साली ते दक्षिण आफ्रिकेत वकिली करीत होते. जोहान्सबर्गहून डर्बनला निघताना त्यांचे मित्र हेन्री पोलाक यांनी त्यांना जॉन रस्किन यांचे 'अन्टू धिस लास्ट' हे पुस्तक वाचायला दिले. प्रवास चोवीस तासांचा होता. पुस्तक हातातून सुटेना. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. वकिलाच्या कामाचे आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच आहे, हा विचार त्यांना पटला. पटला म्हणून ते थांबले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी डर्बनजवळ फिनिक्स येथे आश्रमासारखी वसाहत उभी केली. आपल्या वर्तमानपत्राचा छापखाना तेथे नेला. तेथे राहणाऱ्यांनी शेतात राबावे आणि सर्वांना सारखेच वेतन मिळावे, असे ठरले.

ही मोठ्या माणसांची उदाहरणे झाली. आता माझी चूक सांगते.

बी.एड. करीत असताना मी 'तोत्तोचान' हे पुस्तक वाचले. तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेने त्यात आपल्या लहानपणीच्या शाळेची हकीकत सांगितली आहे. मूळ पुस्तक १९८१ साली निघाले. ते मराठीतही आले आहे. पहिल्या शाळेने काढून टाकलेली ही मुलगी नव्या शाळेत येते. तेथील मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी सुमारे चार तास तिचे बोलणे ऐकत बसतात. हे वाचून माझे डोळे भरून आले. तो प्रसंग मी परीक्षेच्या उत्तरातही लिहिला. गुण चांगले मिळाले.

पुढे मी शिक्षिका झाले. वर्गात साठ मुले होती. त्यांतला एक मुलगा रोज पहिल्या तासाला उशिरा येई. मी त्याला दाराबाहेर उभा करी. तो काही बोलू लागला, की "कारणे सांगू नकोस" असे मी म्हणे. दीड महिना असेच चालले. एके दिवशी त्याची अम्मी शाळेत आली. ती म्हणाली, "टीचर, याचे अब्बा आजारी आहेत. हा पहाटे उठून कारखान्यात कांड्या भरतो आणि मग शाळेत येतो. याचे नाव काढू नका."

मी काय बोलणार? चार तास ऐकणाऱ्या मुख्याध्यापकांविषयी मी पानभर लिहिले होते. या मुलाचे मात्र मी चार मिनिटेही ऐकले नव्हते. पुस्तक माझ्या कपाटात होते, माझ्या कामात नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी एकच गोष्ट सुरू केली. हजेरीनंतरची पाच मिनिटे मुलांनी बोलायचे आणि मी ऐकायचे. त्याने सगळे प्रश्न सुटले नाहीत. त्या मुलाला अजूनही कधी कधी उशीर होई. पण आता तो कारण सांगून वर्गात बसे आणि बुडालेला भाग मधल्या सुट्टीत माझ्याकडून समजून घेई. त्याची शाळा सुटली नाही, हे मला फार मोठे वाटते.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, "टीचर, पाठ्यपुस्तकेच संपत नाहीत, आणखी पुस्तके कधी वाचायची?" रोज दोन पाने वाचा. कोणी म्हणेल, "आमचे शिक्षण उर्दूतून, मराठी पुस्तक आम्हांला कसे कळणार?" सगळे शब्द कळेपर्यंत थांबू नका. अडलेला शब्द वहीत लिहा आणि पुढे जा. तसेच, छापलेले आहे म्हणून ते खरेच असेल, असेही मानू नका. फॅरडेप्रमाणे ते पडताळून पाहा, मोठ्यांना विचारा. विजेचे प्रयोग मात्र एकट्याने करू नका, विज्ञानाच्या सरांना सोबत घ्या.

पुस्तक आरोग्याचे असेल, तर त्यातली एक सवय आठवडाभर पाळा. हिशेबाचे असेल, तर घरच्या खर्चाची वही अम्मीला लिहून द्या. पक्ष्यांचे असेल, तर गच्चीवर जाऊन एक पक्षी ओळखा.

पुढच्या वेळी पुस्तक परत कराल, तेव्हा "कसे होते?" असे मी विचारणार नाही. "त्यातले काय केलेस?" असे विचारीन. उत्तर एका ओळीचे असले तरी चालेल.